लॉटरीचा रुपया कोणाचा?

भारतातील पहिली सरकारी लॉटरी कोणा भांडवलदारधार्जिण्या अर्थमंत्र्याने सुरू केलेली नाही. १९६७ साली केरळमध्ये ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या नेतृत्वाखाली सात पक्षांचे संयुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्यात अर्थखाते होते संयुक्त समाजवादी पक्षाचे पी. के. कुंजू यांच्याकडे, आणि लॉटरीची कल्पना त्यांचीच. समाजवादी चळवळीच्या इतिहासात या गोष्टीचा उल्लेख सहसा होत नाही. संकोच समजण्यासारखा आहे; पण संकोचाने प्रश्न सुटत नसतो.

खाजगी लॉटऱ्यांवर बंदी आली होती, तिजोरीत खडखडाट होता, आणि हाताला काम नसलेल्यांची संख्या मोठी होती. तेव्हा जे पैसे लोक जुगारवाल्यांच्या खिशात घालतात ते सरकारकडे यावेत आणि त्यातून काही हजार गरिबांना विक्रीचा रोजगार मिळावा, असा विचार झाला. केरळच्या स्थापनादिनी, १ नोव्हेंबर १९६७ रोजी, पहिले तिकीट विक्रीस आले. किंमत एक रुपया, पहिले बक्षीस पन्नास हजारांचे. सोडत निघाली २६ जानेवारी १९६८ रोजी. प्रजासत्ताकाच्या दिवशी प्रजेचे नशीब काढण्यात आले, असे कोणी म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

पाठोपाठ इतर राज्ये आली. महाराष्ट्राची लॉटरी १९६९ची. मुंबईत मटक्याने गिरणगाव पोखरण्याचा तो काळ. मटक्याला सरकारी पर्याय द्यावा, हा युक्तिवाद त्या वेळी बिनतोड वाटला असावा. मटका त्यानंतरही वर्षानुवर्षे चालत राहिला. सरकारी सोडतींना मात्र गणेशलक्ष्मी, वैभवलक्ष्मी अशी देवघरातील नावे मिळाली.

राज्यसंस्थेचा हा दुटप्पीपणा स्वातंत्र्योत्तर नाही. कलकत्त्याच्या नगरसुधारणेसाठी इंग्रजी राजवटीने १८१७ साली चक्क लॉटरी कमिटी नेमली होती. तेथील टाऊन हॉल त्याआधीच लॉटरीच्या पैशातून उभा राहिला होता. पुढे १८७० साली दंडविधानात कलम आले, त्यानुसार लॉटरीचे कार्यालय चालवणे हा गुन्हा ठरला, अपवाद फक्त सरकारी वा सरकारने अधिकृत केलेल्या लॉटरीचा. भारतीय न्याय संहितेतही हे कलम जवळपास जसेच्या तसे उतरले आहे. जुगार हा व्यापारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सांगितले. संसदेने लॉटरी नियमनाचा कायदा केला तो १९९८ साली, आणि त्यावरील १९९९च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की सरकारने चालवली म्हणून लॉटरीतील जुगाराचा अंश नाहीसा होत नाही. तेव्हा निदान कायद्याच्या पातळीवर तरी कोणाची फसवणूक झालेली नाही. सरकार जुगार चालवते, आणि ते चालवते हे सर्वांना ठाऊक आहे.

खरा प्रश्न नीतीचा कमी आणि करनीतीचा अधिक आहे. केरळमध्ये लॉटरीची उलाढाल वर्षाला दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेली आहे. त्यातील मोठा हिस्सा बक्षिसांत आणि एजंटांच्या दलालीत जातो. उरलेला नफा आणि तिकिटावरील कर सरकारकडे येतो. २०२० मध्ये लॉटरीवर सरसकट २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. हा कर भरतो कोण? बागाईतदार किंवा सोन्याचे व्यापारी रोज दुपारी सोडतीची वाट पाहत बसत नाहीत. वाट पाहतात हमाल, मासे विकणाऱ्या बाया, रिक्षावाले आणि रोजंदारीवरचे मजूर. मिळकतीच्या मानाने पाहिल्यास सर्वांत गरिबावर सर्वांत जड पडणारा हा कर आहे, आणि तो माणूस स्वखुशीने भरतो असे दिसत असल्यामुळे त्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. शेवटचे चार आकडे जुळले तरी काही बक्षीस लागते, अशी रचना असल्यामुळे आशा विझत नाही. पाच-दहा तिकिटे वाया गेली तरी अकराव्याची ओढ कायम राहते.

२०११ साली सुरू झालेल्या 'कारुण्य' लॉटरीने या प्रकाराला परोपकाराचे वस्त्र दिले. तिच्या नफ्यातून कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार यांनी ग्रासलेल्या गरिबांना मदत मिळू लागली. त्या मदतीने कित्येकांचे प्राण वाचले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण उपचार हा नागरिकाचा हक्क मानायचा, आणि त्याचा खर्च शेजाऱ्याच्या हरलेल्या तिकिटातून काढायचा, हे कल्याणकारी राज्याचे कोणते तत्त्व? गरिबाच्या आजाराचा भार गरिबाच्याच आशेवर टाकला गेला, आणि संपत्तीवर कर बसवण्याचा अवघड मार्ग पुन्हा एकदा टळला.

मग बंदी घालावी काय? तमिळनाडूने २००३ मध्ये घातली, कर्नाटकाने २००७ मध्ये. तमिळनाडूत त्यानंतरही तीन आकड्यांच्या चोरट्या लॉटरीचा धंदा चालू राहिला. शिवाय बंदीची भाषा बोलणाऱ्याने आधी केरळच्या एखाद्या बसस्थानकावर तासभर उभे राहावे. तिकिटांचा गठ्ठा छातीशी धरून फिरणारे म्हातारे, तीनचाकी सायकलवरचे अपंग, पतीच्या निधनानंतर या धंद्यात आलेल्या स्त्रिया तेथे भेटतात. ही तिकिटे त्यांनी रोख पैसे मोजून एजंटाकडून घेतलेली असतात. दुपारी सोडतीची वेळ झाली की हातात उरलेले तिकीट म्हणजे रद्दी. ते परत घेतले जात नाही. पाऊस पडला, संप झाला, ताप आला, तर तोटा विक्रेत्याचा. सरकारचा पैसा आधीच वसूल झालेला असतो. नशिबाचा खेळ खेळतो तो ग्राहक, असे समजले जाते; पण रोज न चुकता पैज लावावी लागते ती विक्रेत्यालाच.

आणि याच माणसांच्या सचोटीवर सारा डोलारा उभा आहे. २०२१ साली एका विक्रेतीने फोनवरून सांगणाऱ्या गिऱ्हाइकासाठी उधारीवर तिकीट बाजूला ठेवले. त्यालाच सहा कोटींचे बक्षीस लागले. तिकीट तिच्याच हातात होते, पैसे तिला मिळालेले नव्हते. तिने ते त्याच्या घरी नेऊन दिले आणि दोनशे रुपये घेतले. वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले. विक्रेत्यांवरील तोट्याचा बोजा मात्र कौतुकाने हलका होत नाही.

तिरुवनंतपुरमच्या ज्या सभागृहात या सोडती निघत आल्या, त्याचे नाव गॉर्की भवन आहे. तळच्या थरातील माणसांचे जिणे ज्याने साहित्यात आणले त्या लेखकाच्या नावाखाली त्याच माणसांची चिठ्ठी काढली जावी, हा योगायोग कोणी मुद्दाम जुळवला नसेल.

२००८ साली केरळने एजंट व विक्रेत्यांसाठी कल्याण निधीचा कायदा केला, ही जमेची बाजू आहे. महाराष्ट्रातील विक्रेत्यांसाठीही समाजवादी कार्यकर्त्यांनी तसाच कायदा मागावा. लॉटरी उद्या बंद होणार नाही आणि रोजगाराची दुसरी सोय न लावता ती बंद करणे अन्यायाचेही होईल. परंतु तिचा महसूल आरोग्यासारख्या मूलभूत खर्चाचा आधार राहता कामा नये. तो खर्च संपत्तीवरील आणि मोठ्या मिळकतीवरील करातूनच झाला पाहिजे, आणि प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी ही मागणी विधिमंडळात व रस्त्यावर मांडली गेली पाहिजे. तोपर्यंत विक्रेत्यांच्या संघटना बांधताना पहिले कलम असावे ते हे: न खपलेले तिकीट सोडतीपूर्वी सरकारने परत घ्यावे आणि त्याचे पैसे त्याच दिवशी चुकते करावेत.