मोटारीचे लहान दिवे आणि आपलें कर्तव्य

रात्रीं बैलगाडीखालीं टांगलेला कंदील आमच्या पारनेर तालुक्यांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणांत अद्यापि असेल. त्या कंदिलाच्या उजेडानें बैलांस वाट दिसत असे, असें मुळींच नव्हे. बैलांना वाट ठाऊकच असे, आणि गाडीवान तर पुष्कळदां डुलक्या घेत असे. तो कंदील होता समोरून वा मागून येणाऱ्यासाठीं. ‘येथें एक गाडी आहे, तींत माणसें आहेत, जपून ये’ एवढेंच तो सांगे. मोटारीच्या तोंडाशीं असलेले पार्किंग लाइट व इंडिकेटर हे त्याच कंदिलाचे वंशज होत. मोठ्या दिव्यानें आपण रस्ता पाहतों. या लहान दिव्यांमुळें रस्त्यावरचे लोक आपणांस पाहतात. हा भेद ध्यानांत न आल्यामुळें मोठा दिवा गेला कीं आपण त्याच दिवशीं नवा बसवितों, आणि लहान दिवा मात्र महिनेच्या महिने बंद राहूं देतों. ही संवय घातक आहे, व ती मोडण्याचें काम विद्यार्थी आणि पालक यांनीं मिळून हातीं घ्यावें, असें माझें मत आहे.

हें मत मला पुस्तकांतून लाभलेलें नाहीं. आमच्या घरीं एक जुनी मोटार आहे. ती आम्ही विकत घेतली तेव्हां तिच्या पुढच्या दिव्यांचें वायरिंग कोणीतरी मध्येंच तोडून, तारांना तारा पिळून व वर चिकटपट्टी गुंडाळून पुन्हां जोडलेलें होतें. दिवे लागत होते; म्हणून आम्हीं तिकडे पाहिलेंही नाहीं. गेल्या हिवाळ्यांत एके रात्रीं सुप्याहून पारनेरकडे येत असतां उजव्या हाताच्या एका वस्तीकडे वळावयाचें होतें. मीं इंडिकेटर लावला. समोरच्या फळीवरील बाण नेहमींपेक्षां जरा घाईनें लुकलुकूं लागला. पण त्याचा अर्थ मला कळला नाहीं. मीं गाडी वळविली, तों समोरून दुधाच्या कॅन लावलेली मोटारसायकल आली. दोघांनींही ब्रेक दाबले, आणि हातभर अंतरावर दोन्ही वाहनें थांबलीं. एक कॅन कलंडून दूध डांबरावर सांडलें. तो गृहस्थ रागानें म्हणाला, “अहो, वळायचं होतं तर दाखवायचं तरी!” मीं दाखविलें होतें, परंतु माझ्या गाडीनें तें त्यास सांगितलें नव्हतें. सांडलेल्या दुधाचे पैसे मीं देऊं केले, ते त्यानें घेतले नाहींत. “आधी दिवा नीट करा,” एवढेंच बोलून तो निघून गेला.

पुढच्या रविवारीं मीं व माझ्या मुलानें तो दिवा उघडला. एकाच कांचेआड दोन बल्ब होते : इंडिकेटरचा २१ वॅटचा व पार्किंगचा ५ वॅटचा. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. म्हणजे पहिल्या बल्बांतून सुमारें पावणेदोन अँपिअर, व दुसऱ्यांतून अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह वाहतो. दोहोंकडे प्रवाह नेणाऱ्या तारा निरनिराळ्या; परंतु परतीची तार, जिला वायरमन ‘अर्थ’ म्हणतात, ती दोघांना मिळून एकच, आणि ती एका स्क्रूनें गाडीच्या पत्र्याला जोडलेली होती. तो स्क्रू गंजून गेला होता. पदार्थविज्ञानाच्या तासास विद्यार्थी शिकतात कीं, विजेचें मंडल पुरें झाल्यावांचून प्रवाह वाहत नाहीं. येथें परतीची सरळ वाट बंद झाली होती. म्हणून इंडिकेटरचा प्रवाह पार्किंगच्या तारेंतून आडवाटेनें जाऊं पाहत होता. परिणामीं रात्रीं पार्किंग लाइट चालू असतां इंडिकेटर धड पेटेना, आणि पार्किंगचा मिणमिणता दिवाच उघडझांप करी. समोरच्या मनुष्यास त्यांतून काय बोध व्हावा? घाईनें लुकलुकणारा बाणही हेंच सांगत होता. आजकालच्या बहुतेक गाड्यांत एखादा इंडिकेटर निकामी झाला कीं उरलेल्यांची लुकलुक जलद होते. गाडीनें सूचना दिली होती. ती वाचावयास मी शिकलों नव्हतों.

दुरुस्ती अवघड नव्हती. मात्र तींत क्रम व सचोटी हवी होती. प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडविली. नंतर त्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा मिळविला. कारण तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, आणि अंदाजानें तार तोडणें म्हणजे औषधाची बाटली वास घेऊन ओळखण्यासारखें आहे. फ्यूजपासून फ्लॅशर, तेथून स्टिअरिंगजवळचा खटका, आणि तेथून दिवा, अशी इंडिकेटरची वाट बोटानें नकाशावर चालून पाहिली. पार्किंगची वाट याहून निराळी. गंजलेली जागा पॉलिश पेपरनें घांसून पत्रा चकचकीत केला व नवा स्क्रू बसविला. पिळलेल्या तारा कापून टाकल्या. मूळच्याच जाडीची तार घेऊन सांध्यांना डाख दिला, व त्यांवर उष्णतेनें आवळणारी नळी चढविली. तार जेथें पत्र्याच्या भोंकांतून जाते तेथें रबरी कडें बसविलें. नाहीं तर गाडीच्या हादऱ्यांनीं पत्र्याची धार वरचें आवरण कापते, आणि मग तारेचा पत्र्याशीं संबंध येऊन फ्यूज उडतो. फ्यूज उडाला म्हणून त्याजागीं जाड तार गुंडाळणारे महाभागही आहेत. फ्यूज जळतो तो गाडी जळूं नये म्हणून. त्याचा हा गुणच आपण दोष समजतों. शेवटीं बॅटरी जोडून एकानें खटका दाबावा व दुसऱ्यानें समोर उभें राहून पाहावें, असें केलें. ही शेवटली पायरी सर्वांत महत्त्वाची. कारण चालकास आपल्या गाडीचे पुढचे दिवे कधींच दिसत नाहींत.

या दिव्यांची भाषा कांहीं एकाच्या लहरीनें ठरलेली नाहीं. पूर्वी चालक खिडकीबाहेर हात काढून वळण दाखवीत. पुढें मोटारीच्या बाजूस बाहेर निघणारा लहानसा प्रकाशित हात आला. आणि १९३९ सालच्या ब्युइक मोटारींत लुकलुकणारे इंडिकेटर कारखान्यांतूनच बसवून मिळूं लागले. आपल्या देशांत १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं इंडिकेटरचा रंग पिवळसर नारिंगी ठरविला, आणि त्यानें मिनिटास ६० पेक्षां कमी व १२० पेक्षां अधिक वेळां लुकलुकूं नये असें सांगितलें. पुढच्या पार्किंग लाइटचा रंग पांढरा किंवा पिवळसर, मागच्याचा तांबडा. हे संकेत सर्वांनीं पाळले तरच त्यांस अर्थ आहे. हौसेनें निळे वा हिरवे दिवे लावणारा तरुण व बंद दिव्याची गाडी चालविणारा वृद्ध, दोघेही या भाषेचें व्याकरण बिघडवितात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें गाडीच्या मूळ रचनेशीं विसंगत फेरफार करण्यास मनाईही केलेली आहे.

यावर कोणी म्हणतील, ‘हें काम कारागिराचें, मुलांचा त्याच्याशीं काय संबंध?’ आक्षेप अगदींच निराधार नाहीं. आजच्या नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार लहानशा संगणकाकडे असतो. तेथें अननुभवी हातानें तार कापूं नये, हेंच बरें. प्रत्येकानें वायरमन व्हावें, असेंही माझें म्हणणें नाहीं. परंतु काम चांगलें झालें कीं वाईट, हें ओळखण्याइतकें ज्ञान प्रत्येकास असावें. ‘दिवा लागला ना, मग झालें’ असें म्हणणारें गिऱ्हाईक असेल, तर चिकटपट्टी गुंडाळून देणारा कारागीरही असणारच. आमच्या गाडीचे तें वायरिंग ज्यानें केलें त्याच्याइतकाच तें न पाहतां गाडी घेणारा मीही दोषी आहें.

आपला तालुका दोन मोठ्या रस्त्यांच्या मध्यें वसलेला आहे. एकीकडे सुप्यावरून जाणारा पुणें-नगर रस्ता, दुसरीकडे टाकळी ढोकेश्वर व भाळवणी यांवरून जाणारा कल्याण-नगर रस्ता. सुप्याच्या कारखान्यांतील कामगार, कांदा नेणारे टेंपो, दूधवाले व उसाच्या ट्रॉल्या यांची वर्दळ अंधारांतही थांबत नाहीं. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीं संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण त्याच जिल्ह्यांत दिव्यावांचून धांवणारीं वाहनें रोज दिसावीं, हें त्या अभिमानास शोभत नाहीं. उसाच्या ट्रॉलीला मागें दिवा नसला कीं आपण संतापतों, व तें योग्यच आहे. मात्र तसें संतापण्यापूर्वी आपल्या गाडीच्या तोंडाकडे एकदां पाहावें.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एक सोपें काम सांगतों. वडील गाडी रात्रीं बाहेर काढतील, तेव्हां निघण्यापूर्वी तुम्हीं गाडीसमोर उभें राहावें, त्यांनीं एकेक खटका दाबावा, व तुम्हीं मोठ्यानें ‘लागला’ किंवा ‘नाहीं’ म्हणावें. मागें जाऊनही तसेंच करावें. या कामास दोन मिनिटें पुरतात. आणि पालकहो, मुलानें ‘नाहीं’ म्हटलें, तर ‘उद्यां पाहूं’ असें म्हणून निघूं नका. शाळेनेंही विज्ञानाच्या प्रयोगशाळेंत एखादी जुनी बॅटरी, दोन बल्ब व एक खटका मांडून परतीची तार सैल केली असतां काय होतें, हें मुलांकडूनच करवून घ्यावें. पुस्तकांतील मंडलाची आकृति मुलें परीक्षेपुरती पाठ करतात. दिवा स्वतःच्या हातानें विझलेला व पुन्हां पेटलेला पाहिला म्हणजे ती विसरत नाहींत.

तो दूधवाला पुन्हां मला भेटला नाहीं. परंतु अंधारांत समोरून एकच दिवा येतांना दिसला कीं मला वाटतें, तोच असेल. आणि मी इंडिकेटर लावून, बाणाची लुकलुक नेहमींच्या चालीची आहे ना, हें आधीं पाहतों.