दुर्मिळता, अवस्था आणि किंमत

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचे पुठ्ठ्याचे एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरांना विकले गेले. १९५२ साली टॉप्स कंपनीने ते च्युइंगमबरोबर पोरांच्या हाती दिले होते. एवढी किंमत कशापायी, असे विचारल्यास 'ते दुर्मिळ आहे' हे ठरीव उत्तर मिळते. हे उत्तर तपासून पाहण्याजोगे आहे.

१९५२ च्या संचातील ४०७ कार्डे एकदम बाजारात आली नाहीत. ती हंगामभर मालिकांमालिकांनी निघाली. ३११ क्रमांकापासूनची अखेरची मालिका आली तेव्हा हंगाम सरत आला होता आणि दुकानदारांनी माल उचलण्यात हात आखडता घेतला. उरलेल्या पेट्या १९६० साली समुद्रात बुडविल्या, असे कंपनीचे साय बर्गर यांनीच पुढे सांगितले. मँटलचा क्रमांक ३११. इथवर दुर्मिळतेचा सिद्धान्त बिनतोड वाटतो. परंतु त्या मालिकेच्या छपाईत तीन खेळाडूंची कार्डे दुप्पट निघाली आणि त्यांत मँटल होता! म्हणजे त्याच मालिकेतील कितीतरी सामान्य खेळाडूंची कार्डे त्याच्याहून कमी छापली गेली. तरीही ती त्याच्या किमतीच्या आसपासही फिरकत नाहीत. मागणीचे पाठबळ नसेल तर तुटवड्याला कोणी विचारीत नाही.

मागणीपाठोपाठ येते ती अवस्था. पोरांनी ही कार्डे रबराने बांधली, सायकलच्या आऱ्यांत अडकविली. धारदार कोपऱ्यांच्या प्रती म्हणूनच थोड्या. पण कोपरा धारदार आहे की नाही, हे ठरवावयाचे कोणी? १९९१ पासून पीएसए ही खासगी कंपनी १ ते १० असे गुण देऊन कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत बंद करते; पुढे तिला प्रतिस्पर्धीही निर्माण झाले. आता गिऱ्हाईक कार्डापेक्षा डबीवरचा आकडाच विकत घेते.

या आकड्यावर किती विसंबावे? पीएसएने गुण दिलेले पहिलेच कार्ड होनस वॅग्नरचे, सिगारेटच्या पाकिटातून १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या मालिकेतले. त्याला ८ गुण मिळाले. २००७ साली ते २८ लाख डॉलरांना गेले. त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या, अशी कबुली एका लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयीन कारवाईत दिली.

हा केवळ नजरचुकीचा प्रश्न नव्हे. परीक्षकाला शुल्क देतो तो कार्डाचा मालक, आणि कार्ड जितके मौल्यवान तितके शुल्क अधिक. २००८ च्या अरिष्टापूर्वी कर्जरोख्यांना पत देणाऱ्या संस्थांचीही अशीच व्यवस्था होती. कोणत्या गुणाच्या किती प्रती आहेत, याच्या याद्या या कंपन्या प्रसिद्ध करतात हे खरे. परंतु अधिक गुणांच्या आशेने मालक डबी फोडून तेच कार्ड पुन्हा धाडतो, आणि जुनी नोंद न वगळल्यास एकाच कार्डाची मोजदाद दोनदा होते. परीक्षेची कारणे लेखी देण्याचे बंधन या कंपन्यांवर घालणे अवघड नाही. गिऱ्हाइकांनी ते अद्याप मागितलेले नाही, कारण पुढच्या गिऱ्हाइकालाही आकडाच हवा असतो.