कोंबड्यांची चरबी आणि आपली

‘मी नुसता वारा खाल्ला तरी अंगी लागतो हो!’ ही तक्रार आपल्यापैकी पुष्कळजणींच्या तोंडी असते. घरच्यांचे उत्तरही ठरलेले, दुपारची झोप आणि शेवेचा डबा! ते अगदीच खोटे नाही म्हणा. पण वजन फक्त खाण्यानेच वाढते का, हा प्रश्न मुंबईच्या एका डॉक्टरांना पडला, तोही कोंबड्यांमुळे.

१९८० च्या दशकात आपल्या देशात कोंबड्यांत विषाणूची मोठी साथ आली. मुंबईचे पशुवैद्यक डॉ. अजिंक्य यांनी लठ्ठपणावर उपचार करणाऱ्या डॉ. निखिल धुरंधरांना बोलता बोलता सांगितले, की मेलेल्या कोंबड्यांच्या पोटात चरबीच चरबी होती. आता तुम्हीच सांगा, आजारी जीव वाळतो की बाळसे धरतो? धुरंधरांनी नेमके तेच हेरले. निरोगी कोंबड्यांना तो विषाणू दिला, तर पोटातली चरबी वाढली आणि रक्तातले कोलेस्टेरॉल मात्र उतरले! मग मुंबईतल्या ५२ लठ्ठ माणसांचे रक्त तपासले. १० जणांच्या रक्तात त्या विषाणूच्या खुणा सापडल्या, आणि ही मंडळी उरलेल्यांहून वजनाने भारी निघाली.

पुढे अमेरिकेत त्यांनी माणसांतला अ‍ॅडेनोव्हायरस-३६ अभ्यासला. सर्दी-खोकला, डोळे येणे ही दुखणी आणणाऱ्या कुळातलाच हा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याच्या खुणा लठ्ठ माणसांपैकी ३० टक्क्यांत, तर इतरांपैकी ११ टक्क्यांत आढळल्या. नंतरच्या सगळ्याच पाहण्या मात्र याला दुजोरा देत नाहीत. तेव्हा शेवेच्या डब्याचे खापर सर्दीवर फोडू नका! त्यासाठी रक्त तपासायलाही धावू नका. या विषाणूवर औषध नाही, मग कळून करायचे काय?

खरी काळजी आहे ती उलट बाजूची. २००९ च्या स्वाइन फ्लूत (पुणेकरणींना तो ऑगस्ट आठवत असेल) जगभरच्या डॉक्टरांना दिसले, की स्थूल माणसांना हा ताप फार जड जातो. २०२० च्या कोरोनातही तेच. पोटातली चरबी छातीखालचा पडदा वर रेटते, त्यामुळे निजल्यावर फुप्फुसाचा खालचा भाग पुरता फुलत नाही. शिवाय चरबी म्हणजे निमूट पडून राहिलेला साठा नव्हे, तिच्यात सूज आणणारी द्रव्ये तयार होत असतात. कोरोनाचा विषाणू तर थेट चरबीच्या पेशींत शिरतो, असे स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली दाखवले.

म्हणून शिवणाची टेप घ्या आणि कंबर मोजा. पोट आत ओढायचे नाही हं! ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर एकदा रक्तातली साखर आणि रक्तदाब बघून घ्या, आणि फ्लूची लस दरवर्षी घ्यावी का हे आपल्या डॉक्टरांना विचारा. अंग भरलेले असून मधुमेह किंवा दमाही असेल, तर तापात धाप लागल्यावर काढा उकळत घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, स्वयंपाक राहिला तर राहू दे.