कलंक त्यांचा, माफी कोणाची?

मल्लेश्वरम (बंगळूर) : खेळाडूला मायदेशात लागलेला कलंक सीमेपलीकडे गेल्यावर किती काळ टिकतो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बंगळूरइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. येथील चिन्नास्वामी स्टेडियमवर १७ वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन कसोटी सामन्यांशी दोन परदेशी कर्णधारांची नावे वेगवेगळ्या अर्थाने जोडली गेली आहेत. पहिला दक्षिण आफ्रिकेचा हॅन्सी क्रोनिए आणि दुसरा ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रकरणांना भारतात मिळालेला प्रतिसाद तपासला, तर आपल्या क्रीडाविश्वातील एक अडचणीची बाब समोर येते. ती म्हणजे, परदेशी खेळाडूला आपण माफ करतो की त्याचा गुन्हा केवळ विसरून जातो, याचा निर्णय आपण कधी केलेलाच नाही.

बंगळूर ते नागपूर

क्रोनिएच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेचा संघ २००० मध्ये भारतात आला. मुंबई आणि बंगळूर येथील दोन्ही कसोटी सामने जिंकून त्यांनी मालिका खिशात घातली. बंगळूर कसोटीच्या तोंडावर संघाच्या हॉटेलात क्रोनिएने जॅक कॅलिस, मार्क बाऊचर आणि लान्स क्लुसनर या तिघांपुढे पैशांचा विषय काढला होता. थट्टेच्या सुरात काढलेला हा विषय तिघांनीही उडवून लावला. ही गोष्ट जगासमोर आली ती निवृत्त न्यायमूर्ती एडविन किंग यांच्या चौकशी आयोगापुढे झालेल्या साक्षींमधून.

नागपुरात मात्र प्रकरण थट्टेवर थांबले नाही. १९ मार्च २००० रोजी झालेल्या एकदिवसीय सामन्यात २० पेक्षा कमी धावा केल्यास १५ हजार डॉलर देण्याचा प्रस्ताव कर्णधाराने सलामीवीर हर्शेल गिब्जपुढे ठेवला आणि त्याने तो मान्य केला. प्रत्यक्षात गिब्जने ५३ चेंडूंत ७४ धावा फटकावल्या. ५० पेक्षा जास्त धावा देण्याचे कबूल करणारा गोलंदाज हेन्री विल्यम्स ११ चेंडू टाकून खांद्याच्या दुखापतीमुळे मैदानाबाहेर गेला. ठरलेला बेत असा फसला, तरी बेत ठरला होता हे गिब्जने जून २००० मध्ये शपथेवर सांगितले.

या प्रकरणाला वाचा फोडली होती दिल्ली पोलिसांनी. ७ एप्रिल २००० रोजी त्यांनी क्रोनिए आणि सट्टेबाज यांच्यातील संभाषणाची माहिती जाहीर केली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत प्रथम अविश्वास आणि नंतर संताप व्यक्त झाला. चारच दिवसांनी क्रोनिएने आपण पूर्णपणे प्रामाणिक नव्हतो, अशी कबुली दिली. त्याच्यावर आजन्म बंदी आली. गिब्ज व विल्यम्स यांना सहा महिन्यांसाठी आंतरराष्ट्रीय क्रिकेटपासून दूर ठेवण्यात आले.

चौकशीची भीती आणि लिलावाचे स्वागत

मायदेशातील शिक्षा २००० साल संपताना पूर्ण झाली, तरी गिब्जसाठी भारताचे दार बंदच होते. अटक होईल या भीतीने तो आणि फिरकी गोलंदाज निकी बोये २००४ च्या भारत दौऱ्यावर आले नाहीत. अखेर ऑक्टोबर २००६ मध्ये चॅम्पियन्स करंडकाच्या निमित्ताने गिब्ज भारतात आला आणि त्याने दिल्ली पोलिसांच्या प्रश्नांना सामोरे जाण्याचे धैर्य दाखवले.

त्यानंतर अवघ्या १६ महिन्यांत चित्र पूर्णपणे पालटले. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत झालेल्या आयपीएलच्या पहिल्या लिलावात हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सने गिब्जला ५ लाख ७५ हजार डॉलरला विकत घेतले. दुसऱ्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, २४ मे २००९ रोजी जोहान्सबर्ग येथे, त्याने नाबाद ५३ धावा केल्या आणि हैदराबादने बंगळूरवर सहा धावांनी मात केली. पराभूत संघात कॅलिस आणि बाऊचर हेही होते. नऊ वर्षांपूर्वी बंगळूरच्या हॉटेलात कर्णधाराचा प्रस्ताव झटकून टाकणारे दोन खेळाडू एका बाजूला आणि नागपुरात प्रस्ताव स्वीकारणारा त्यांचा सहकारी दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. करंडक गिब्जच्या संघाला मिळाला. २०१२ मध्ये तो मुंबई इंडियन्सकडूनही खेळला.

या स्वागतात गैर काय, असा प्रश्न विचारता येईल. गिब्जने कबुली दिली होती, शिक्षा भोगली होती आणि पोलिसांपुढेही तो हजर झाला होता. तेवढ्यापुरते त्याचे पुनरागमन न्याय्यच म्हणावे लागेल. अडचण वेगळीच आहे. दिल्ली पोलिसांनी या प्रकरणाचे आरोपपत्र दाखल केले ते जुलै २०१३ मध्ये, म्हणजे घटनेनंतर तब्बल १३ वर्षांनी. त्यात गिब्ज आरोपी नव्हता. क्रोनिएचे नाव होते, पण १ जून २००२ रोजी विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला होता. प्रकरणातील मुख्य संशयित सट्टेबाजाला ब्रिटनमधून भारतात आणण्यासाठी फेब्रुवारी २०२० उजाडावे लागले. म्हणजेच ज्या देशाच्या मैदानावर फसवणुकीचा बेत शिजला, त्या देशाची तपासयंत्रणा निष्कर्षापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी तेथील क्रिकेटच्या बाजारपेठेने आपला निकाल देऊन टाकला होता.

दक्षिण आफ्रिकेतही भावनेने न्यायाला मागे टाकल्याचे दिसते. २००४ मध्ये तेथील राष्ट्रीय प्रसारण संस्थेने घेतलेल्या महान दक्षिण आफ्रिकी व्यक्तींच्या जनमत कौलात क्रोनिए ११ व्या स्थानावर होता. भारतात ज्याचे नाव फसवणुकीचे प्रतीक बनले, त्याच्याविषयी मायदेशात हळहळ उरली. भारतातही अझरुद्दीनच्या बाबतीत असेच काहीसे घडले. बंगळूरच्या त्याच कसोटीत शतक झळकावणाऱ्या अझरुद्दीनचा तो अखेरचा कसोटी सामना ठरला. डिसेंबर २००० मध्ये क्रिकेट मंडळाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली, २००९ मध्ये मुरादाबादच्या मतदारांनी त्याला लोकसभेत पाठवले आणि २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली. येथेही मतदारांचा कौल न्यायालयाच्या निर्णयाआधी आला.

हुर्यो आणि टाळ्या

दुसरे प्रकरण अधिक अलीकडचे आहे. मार्च २०१७ मधील बंगळूर कसोटीत उमेश यादवच्या चेंडूवर पायचीत झाल्यानंतर स्मिथने पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागावी की नाही, यासाठी ड्रेसिंग रूमकडे पाहिले. नियमानुसार अशी मदत घेता येत नाही. डोक्याने क्षणभर काम करणे थांबवले, असे स्पष्टीकरण त्याने दिले. विराट कोहलीने अत्यंत तिखट शब्दांत नाराजी व्यक्त केली, मात्र फसवणूक हा शब्द उच्चारण्याचे टाळले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने कोणावरही कारवाई केली नाही.

वर्षभराने, २४ मार्च २०१८ रोजी केप टाऊन कसोटीत कॅमेरॉन बॅनक्रॉफ्ट सँडपेपरने चेंडू कुरतडताना कॅमेऱ्यात सापडला. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने चार दिवसांत निर्णय घेतला. स्मिथ व डेव्हिड वॉर्नर यांच्यावर एक वर्षाची आणि बॅनक्रॉफ्टवर नऊ महिन्यांची बंदी आली. भारतीय मंडळानेही स्मिथ आणि वॉर्नर यांना २०१८ च्या आयपीएलमध्ये खेळू दिले नाही.

बंदी संपताच वॉर्नर पुन्हा सनरायझर्स हैदराबादकडून उतरला. केप टाऊनच्या घटनेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी कोलकात्यात त्याने ८५ धावा केल्या. आठवडाभराने बंगळूरविरुद्ध नाबाद शतक ठोकले आणि मोसमाअखेर ६९२ धावांसह तो सर्वाधिक धावा करणारा फलंदाज ठरला. स्मिथकडे राजस्थान रॉयल्सचे नेतृत्व पुन्हा मोसमाच्या मध्यावरच सोपवण्यात आले.

मात्र त्याच वर्षी, ९ जून २०१९ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर विश्वचषकाच्या सामन्यात भारतीय पाठीराख्यांनी सीमारेषेवर उभ्या असलेल्या स्मिथची हुर्यो उडवली. कोहलीने फलंदाजी करताना प्रेक्षकांकडे वळून टाळ्या वाजवण्याची खूण केली आणि सामन्यानंतर प्रेक्षकांच्या वतीने दिलगिरीही व्यक्त केली. बंगळूरमध्ये स्मिथवर सर्वांत कठोर टीका करणारा कर्णधारच दोन वर्षांनी त्याच्या बाजूने उभा राहिला, हे विशेष. या कृतीबद्दल आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला. दोनच महिन्यांनी बर्मिंगहॅम येथे अॅशेस मालिकेच्या पहिल्या कसोटीत इंग्लिश प्रेक्षकांनी सँडपेपरचे तुकडे फडकावून स्मिथला डिवचले. त्याने १४४ आणि १४२ धावा करून उत्तर दिले.

एप्रिलमध्ये जयपूर-हैदराबादेत टाळ्या आणि जूनमध्ये लंडनमध्ये हुर्यो. दोन्ही ठिकाणी प्रेक्षक भारतीय संघाचेच पाठीराखे होते आणि गुन्हाही तोच होता. बदलला होता तो केवळ खेळाडूच्या अंगावरील गणवेश. परदेशात कलंकाचे वजन गुन्ह्याच्या गांभीर्यावर नव्हे, तर तो खेळाडू आज कोणासाठी धावा काढतो यावर ठरते, असाच निष्कर्ष यातून निघतो.

वॉर्नरच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक झाली. ऑस्ट्रेलियात त्याला कर्णधारपदासाठी कायमचे अपात्र ठरवण्यात आले होते. हा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. दरम्यानच्या काळात भारतात त्याने हैदराबादचे आणि २०२३ मध्ये दिल्ली कॅपिटल्सचे नेतृत्व केले. जे पद मायदेशाने नाकारले, ते येथे संघमालकांच्या एका निर्णयाने मिळाले.

क्षमा कोणी करायची?

येथे बंगळूरच्याच दुसऱ्या खेळाची आठवण उपयोगी पडेल. मल्लेश्वरममधील कॅनरा युनियन या संस्थेच्या सभागृहात प्रकाश पदुकोण यांनी बॅडमिंटनचे पहिले धडे गिरवले. ते सभागृह लग्नकार्यांसाठीही दिले जात असे आणि लग्न असेल त्या दिवशी खेळ बंद राही. तेथून निघालेल्या पदुकोण यांनी १९८० मध्ये ऑल इंग्लंड विजेतेपद पटकावले आणि पुढे डेन्मार्कमध्ये राहून व्यावसायिक बॅडमिंटन खेळले. अशा संस्थांमध्ये खेळाडू आणि समाज एकमेकांना ओळखतात. चुकलेल्याला खडसावण्याचा आणि पुन्हा जवळ करण्याचा अधिकार तेथे संस्थेकडे, म्हणजेच माणसांकडे असतो.

लिलावाच्या क्रिकेटमध्ये हा अधिकार कोणाकडे आहे, हे स्पष्ट नाही. मंडळ बंदी घालते, पोलीस चौकशी करतात, संघमालक बोली लावतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. यांपैकी क्षमा कोणी केली, असे विचारल्यास प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. क्षमा करण्यासाठी गुन्हा लक्षात ठेवावा लागतो. विस्मरणाला तेवढेही कष्ट लागत नाहीत. एक चांगला मोसम पुरतो.

याची किंमत मात्र कोणीतरी मोजत असते. नागपूरच्या सामन्याचे तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना आपण पाहिलेला खेळ कितपत खरा होता, याचे उत्तर १३ वर्षे मिळाले नाही. प्रस्ताव नाकारणाऱ्या खेळाडूला त्या नकाराचे मोल आहे हे दिसले नाही, तर पुढच्या पिढीने नकार का द्यावा, हा प्रश्नही उरतोच.

नियमांत सुधारणा झाली आहे, हे मान्य करावे लागेल. आज केवळ प्रस्ताव नाकारून भागत नाही, त्याची माहिती देणेही बंधनकारक आहे. बंगळूरच्या हॉटेलातील थट्टा आजच्या नियमांत थट्टा म्हणून सोडून देता येणार नाही. बांगलादेशचा शकीब अल हसन याला ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन वर्षांच्या बंदीची शिक्षा झाली, त्यातील एक वर्ष स्थगित ठेवण्यात आले. सट्टेबाजाने साधलेल्या संपर्काची माहिती दिली नाही, हा त्याचा दोष होता आणि त्यातील एक संपर्क आयपीएलच्या काळातील होता. शिक्षा भोगून तो २०२१ मध्ये पुन्हा आयपीएलमध्ये खेळला. दोष कोणता, शिक्षा किती आणि ती केव्हा संपली, हे सर्वांना ठाऊक असल्याने या पुनरागमनाबद्दल शंकेला फारशी जागा राहिली नाही.

हाच मार्ग योग्य म्हणावा लागेल. परदेशी असो वा स्वदेशी, शिक्षा पूर्ण केलेल्या खेळाडूची आयुष्यभर हुर्यो उडवणे हा न्याय नव्हे. ओव्हलवर कोहलीने केलेली खूण हेच सांगत होती. परंतु तपास रेंगाळलेला असताना केवळ धावांच्या जोरावर दिलेली माफी हीदेखील न्यायाची जागा घेऊ शकत नाही. स्मिथला टाळ्या देणे सोपे गेले, कारण त्याचा हिशेब चार दिवसांत मांडला आणि वर्षभरात चुकता झाला. गिब्जने आपला हिशेब दिला, तो पडताळून पाहण्यात आपणच १३ वर्षे घालवली. पुढच्या वेळी एखादा कलंकित खेळाडू भारतातील लिलावात उभा राहील, तेव्हा त्याची किंमत किती, याआधी त्याचा हिशेब पूर्ण झाला आहे का, हे विचारले जाईल काय, हा खरा प्रश्न आहे.