गाढवाचे पाय कसे धरावेत?

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात एक जाडजूड पाकीट आलं. आत वहीचे चार कागद आणि पाच फोटो. पाठवणारी मैत्रीण आठवीत आहे. पोपटांबद्दल लिहायचं ठरवलं होतं, पण हे फोटो बघितले आणि पोपटांना म्हटलं, तुम्ही थांबा जरा.

तिच्या गावाबाहेर एक वीटभट्टी होती, ती बंद पडली. भट्टीच्या मागे दोन गाढवं बांधलेली राहिली, एक नर आणि एक गाढवीण. वीट वाहायला ट्रॅक्टर आल्यापासून त्यांना काम नव्हतंच. तिच्या वडिलांनी मालकाला गाठलं. तो म्हणाला, न्या. तसं चार माणसांसमोर लिहूनही दिलं. हे फार बरं केलं, कारण दुसऱ्याचं जनावर, मग ते कितीही वाईट अवस्थेत असो, न विचारता सोडून आणणं ही चोरीच ठरते. आता दोघं तिच्या घरच्या गोठ्यात आहेत.

फोटोत नराचे पुढचे खूर दिसतात. लग्नात नवरदेव मोजड्या घालतो ना, पुढून टोक वर वळलेल्या? अगदी तस्से. तो पाय पुढे टाकत नाही, जपून ठेवतो. आणि बराच वेळ बसूनच असतो, असं ती लिहिते.

तिचे प्रश्न असे: गावात बैलांना पत्री मारणारे एक काका आहेत, ते म्हणतात एका बैठकीत सगळं कापून देतो, तर द्यावं का? गाढवाला आम्ही रोज गूळ-भाकरी देतो, चालेल ना? आणि आजोबा म्हणतात दोन जनावरांचा खर्च कशाला, गाढवीण मामाच्या गावी पाठवू. सगळ्यात शेवटी, अगदी बारीक अक्षरात, ‘तो परत पळेल का?’

आधी खूर म्हणजे काय ते बघू. तुमचा पंजा टेबलावर टेका. आता मनगट उचला, बाकीची बोटं उचला आणि फक्त मधल्या बोटाच्या टोकावर हात तोलून धरा. किती वेळ जमतंय? घोडा, गाढव, खेचर ही मंडळी जन्मभर अशीच उभी असतात, प्रत्येक पायाच्या एका, मधल्या बोटावर. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. तुमच्या नखात, केसात जो पदार्थ आहे, केराटिन, त्याचाच तो बनतो.

नख म्हटलं की ते वाढणार. तुम्ही मेंदी काढता तेव्हा नखही रंगतं, आणि पुढच्या काही आठवड्यांत तो लाल पट्टा टोकाकडे सरकत जातो. माणसाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. गाढवाचा खूर त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने वाढतो. वरच्या कडेला, जिथे केस संपतात, तिथे निघालेलं नवं नख जमिनीपर्यंत पोचायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाढवाचे पूर्वज आफ्रिकेतले. कोरडा, दगडगोट्यांचा, उजाड मुलूख. चाऱ्यासाठी दिवसभर मैलोन् मैल चालायचं. जेवढा खूर वाढायचा तेवढा दगडांवर झिजायचा, हिशेब बरोबर! वीट वाहणाऱ्या गाढवाचाही खूर झिजतो. (त्याची दुखणी वेगळी, पाठीवरच्या जखमा, फाटलेले खूर. त्यावर वेगळं लिहायला हवं.) खूर मोजडीसारखे होतात ते बहुधा बिनकामाच्या, दोन हात दोरीला बांधून ठेवलेल्या गाढवाचे. त्यात खाली चिखल आणि लीद असेल तर खूर भिजून मऊ पडतो, कुजतो, तळव्याला घाण वास येतो.

आणि अशी बेकार गाढवं आता कमी नाहीत. २०१२ च्या पशुगणनेत देशात तीन लाखांहून जास्त गाढवं होती, २०१९ मध्ये सव्वा लाखाच्याही आत आली. जिथं ट्रॅक्टर, टेम्पो गेला तिथून गाढव निघालं. त्या मालकावर फार रागावू नका बरं का. गाढवावर पोट चालत होतं तोवर त्याचं लक्ष त्याच्या पायाकडे होतंच. कमाई थांबली आणि लक्षही गेलं. हे चूकच, पण ते कसं घडतं ते कळलेलं बरं.

आता पत्रीवाल्या काकांचं. एकदा बाबांचे बूट घालून जिना चढून बघा. पुढचं टोक अडतं, टाच निसटते, पोटऱ्या भरून येतात. तुम्ही बूट काढून मोकळे होता. या गाढवाने ते बूट कित्येक महिने घातलेत. त्याच्या पायाच्या मागच्या शिरा, सांधे, सगळे त्या वाकड्या उभं राहण्याला सरावलेत. एका झटक्यात खूर आखूड केला की ते सगळं एकाच दिवशी ताणलं जातं.

याहून महत्त्वाची गोष्ट आत आहे. खुराच्या पोटात बोटाचं शेवटचं हाड असतं. ते तळव्यावर नुसतं टेकलेलं नसतं, खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. कशाने? दोन वह्या घ्या, त्यांची पानं एकाआड एक एकमेकांत घाला आणि मग दोन्ही वह्या ओढून बघा. सुटत नाहीत! हाडावरचे आणि खुराच्या आतले बारीक बारीक पापुद्रे असेच एकमेकांत गुंतलेले असतात. हे पापुद्रे सुजले की पकड सुटते, आणि मागची शीर ओढत असल्याने हाडाचं टोक खाली तळव्याकडे वळतं. या दुखण्याला लॅमिनायटिस म्हणतात. फार दुखतं ते. वाकडं वाढलेल्या खुराच्या आत हाड नेमकं कुठं आहे हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, ते एक्स-रेच दाखवतो. न बघता कापलं तर रक्त निघेल, जिवंत भाग उघडा पडेल. घोडा-गाढवांना धनुर्वात फार लवकर होतो हेही ध्यानात घ्या.

काका त्यांच्या कामात तरबेज असतीलच. पण बैल दोन बोटांवर चालतो, त्याचा खूर दुभंगलेला. आणि पत्री मारताना बैलाला दोर लावून आडवा पाडतात. या दुखऱ्या गाढवाला तसं पाडायचं नाही. तेव्हा आधी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या दवाखान्याची गाडी येते का विचारा. एक्स-रे कुठे निघेल, वेदनेचं औषध, धनुर्वाताची लस, हे डॉक्टर सांगतील. घरातली माणसांची गोळी द्यायची नाही, आणि खुराला जळकं ऑइल, रॉकेल असलं काही फासायचं नाही. कापायला शक्यतो नालबंद बघा, घोड्यांचे खूर करणारा. लग्नाच्या वरातीला घोडे देणाऱ्यांना विचारलंत तर पत्ता लागेल. डॉक्टर आणि नालबंद एकाच दिवशी आले तर सोन्याहून पिवळं.

पहिल्या दिवशी वर वळलेला मेलेला भाग बराचसा निघेलही. पण आकार यायला वेळ लागतो. दर चार ते सहा आठवड्यांनी थोडं थोडं कापायचं, कानशीने घासायचं, आणि वरून येणाऱ्या नव्या खुराला सरळ वाट करून द्यायची. मघाचा आकडा आठवला? नऊ महिने ते वर्ष. तेवढं धरून चला. आईच्या मोबाइलवर दर महिन्याला एकाच बाजूने फोटो काढून ठेव. रोज बघताना फरक कळत नाही, फोटोत कळतो.

तोवर त्याला कोरडी जागा हवी. खाली वाळूचा किंवा काडाचा जाड थर घाल, म्हणजे दुखऱ्या तळव्याला मऊ लागेल. लीद रोज काढायची. फरशीवर, चिखलात उभं करायचं नाही.

‘गाढवाला गुळाची चव काय’ ही म्हण कुणी काढली कोण जाणे. गाढवाला गुळाची चव उत्तम कळते, आणि पंचाईत तीच आहे! त्याचं शरीर वाळक्या, निकस चाऱ्यावर भागवायला घडलंय. गूळ, भाकरी, शिळ्या पोळ्या, धान्य यांनी ते फुगतं आणि लॅमिनायटिस उसळतो. गूळ आजपासून बंद. भाकरी थोडी थोडी कमी करत आठ-दहा दिवसांत थांबव. कडबा किंवा गव्हाचं काड दे. दीडशे किलोच्या गाढवाला दिवसाला दोन-अडीच किलो वाळका चारा पुरतो, आणि पाणी कायम समोर हवं.

पण इथे एक धोक्याचा कंदील. फोटोतलं गाढव चांगलं गुबगुबीत आहे. मानेवर चरबीची वळी दिसतेय. म्हणून कुणी म्हणेल, ठेवा दोन दिवस उपाशी, उतरेल. मुळीच नाही! लठ्ठ गाढवाचं खाणं एकदम तुटलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत काम करेनासं होतं, आणि जनावर थोड्याच दिवसांत दगावू शकतं. गाढवाने एक दिवस जरी चारा सोडला तरी डॉक्टरांना कळवा, उद्यावर टाकू नका.

आणि ते खाताना दिसलं तरी फसू नका. कुत्र्याला लागलं की ते केकाटतं. गाढव गप्प राहतं. रानात लंगडणारं जनावर लांडग्याला आधी दिसतं, म्हणून दुखणं लपवायची ही जुनी सवय असावी. कित्येकदा तोंड हलत राहतं आणि चारा मात्र तेवढाच असतो. म्हणून सकाळी टाकलेल्यातलं संध्याकाळी किती उरलं ते बघ. जास्त वेळ बसतोय का, उभा असताना वजन या पायावरून त्या पायावर टाकतोय का, खूर हाताला गरम लागतो का, हे वहीत लिहून ठेव. डॉक्टरांना तुझी ही वही औषधाइतकी उपयोगी पडेल.

आता आजोबांचा मुद्दा. त्यांना नमस्कार सांग आणि सांग की गाढवीण पाठवू नका. गाढवांची जोडी जमते, अगदी घट्ट. एकाला नेलं की मागे राहिलेलं ओरडतं, चारा सोडतं. आणि चारा सोडला की काय होतं ते वर सांगितलंच. दवाखान्यात न्यायचं झालं तरी दोघांना बरोबर न्या. नालबंद नराचे पाय धरील तेव्हा गाढवीण त्याला दिसेल अशी समोर बांधा. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो, तिथे गिऱ्हाईक दात बघून वय ठरवतं. ही कुणाची जोडीदार आहे, हे काही दातांवरून कळत नाही.

पाय धरायचे, पण ते कसे? ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ म्हणतात, तर हरीला ते जमलं कसं याचं मला नेहमी नवल वाटतं, कारण अनोळखी गाढव पाय देत नाही. घाई करू नका. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय तर नाहीच. मागून जायचं नाही, खांद्याशी उभं राहायचं, त्याला दिसेल असं. पहिले काही दिवस नुसता खांद्यावरून गुडघ्यापर्यंत हात फिरवायचा. मग त्याखाली. मग बाबांनी पाय क्षणभर उचलायचा आणि त्याने हिसका द्यायच्या आधी आपणच खाली ठेवायचा. त्याचे पाय दुखतात, एक उचलला की सगळा भार दुसऱ्या दुखऱ्यावर येतो, म्हणून थोडकाच वेळ. पुढे तो सरावला की बाबांनी खुरातली घाण बोथट आकड्याने काढायची, टाचेकडून टोकाकडे. तळव्याच्या मधोमध रबरासारखी त्रिकोणी गादी असते, तिला आकडा टोचायचा नाही. तुझं काम पुढे उभं राहून मानेच्या मुळाशी खाजवायचं. बक्षीस म्हणून गूळ नको, हे खाजवणंच पुरे. फारच वाटलं तर गाजराची एक फोड.

आता बारीक अक्षरातला प्रश्न. खरं सांगायचं तर फोटोवरून मला ते सांगता येणार नाही. हाड जागेवर असेल तर वर्षभरात तो नीट चालेल, कदाचित सकाळी गोठ्यात दुडकेलही. हाड थोडं वळलं असेल तर तो शांतपणे चरत फिरेल, पण ओझं वाहणार नाही. (कायद्याने धडधाकट गाढवावरही पन्नास किलोंच्या वर ओझं लादता येत नाही, हे आजोबांना सांगून ठेव.) आणि हाडाचं टोक तळव्यातून बाहेर यायच्या बेतात असेल, औषधाने वेदना थांबत नसतील, तर डॉक्टर त्याला कायमचं झोपवायचा सल्लाही देतील. तसा सल्ला मिळाला तर आई-बाबांनी मुलीपासून लपवू नये, असं मला वाटतं. चार कागद भरून पत्र लिहिणाऱ्या मुलीला खरं ऐकता येतं. त्या वेळी गाढवीण जवळ असू द्या. जोडीदार गेला हे तिला बघू दिलं, हुंगू दिलं, तर ती पुढे कमी शोधत बसते.

पण तो दिवस अजून आलेला नाही. फोटोत त्याचे कान पुढे आहेत आणि डोळे कॅमेऱ्याकडे. आधी डॉक्टर, मग एक्स-रे, मग नालबंद. एक्स-रेत हाड कुठे दिसलं ते लगेच कळव, जमलं तर त्याचाही फोटो पाठव. पोपट पुढच्या आठवड्यात.