रांग तोडायचं तिकीट

आमची मुक्ता साडेतीन वर्षांची आहे आणि तिची उंची ९६ सेंटिमीटर आहे. यातला दुसरा आकडा मला मार्चपर्यंत माहीत नव्हता. एप्रिलमध्ये तिला पहिल्यांदा थीम पार्कला न्यायचं ठरलं तेव्हा मी तिला बेडरूमच्या दाराला टेकवून उभं केलं, डोक्यावर पुस्तक आडवं धरलं आणि पेन्सिलने रेघ मारली. मग एक्सेल उघडलं. राइडचं नाव, किमान उंची, अंदाजे रांग, जवळचं टॉयलेट, सावली आहे की नाही. एकवीस ओळी झाल्या. त्यातल्या तेरा राइड्सना मुक्ता चालणारच नव्हती. हे कळल्यावरही मी शीट बंद केलं नाही, त्याला रंग दिले.

ऑफिसात विचारलं तर ज्यांना मुलं आहेत त्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला. एक्स्प्रेस घे. काही पार्कांत त्याला फास्ट ट्रॅक म्हणतात, कुठे आणखी काही. अर्थ एकच, जास्तीचे पैसे भरा आणि वेगळ्या दारातून आत जा. आम्हा चौघांसाठी (मी, अनघा, मुक्ता आणि माझे बाबा) तो खर्च साध्या तिकिटांच्या जवळपास दुप्पट होत होता. मी घेतलं. का घेतलं याचं उत्तर तयार होतं, लहान मूल आहे, उन्हात तासभर कसं उभं राहणार?

हा लेख त्या उत्तराविरुद्ध आहे. म्हणजे माझ्याविरुद्ध आहे, आणि कदाचित तुमच्याही. पार्कचं नाव सांगत नाही, कारण ही पद्धत जगभर आहे.

आधी जे घडलं ते सांगतो. गेटवर बॅगा तपासत होते तिथे मुक्ताची एका मुलीशी गट्टी झाली. साधारण तिच्याच वयाची, पिवळा फ्रॉक, हातात वेफर्सचं पाकीट. पाच मिनिटांत दोघींनी पाकीट संपवलं. मग आत गेल्यावर आमच्या मनगटावर निळे पट्टे बांधले, त्यांच्या नाही. पहिली राइड होडीची होती. साध्या रांगेत ती मुलगी बापाच्या कडेवर होती. मुक्ताने हात केला, तिनेही केला, आणि आम्ही शेजारच्या मोकळ्या वाटेने थेट होडीत जाऊन बसलो. फेरी संपली. मुक्ता म्हणाली, परत. पट्टा होताच, परत गेलो. ती मुलगी चार-पाच पावलं पुढे सरकली होती. मुक्ताने पुन्हा हात केला. या वेळी तिने केला नाही.

होडीत बसल्यावर मुक्ताने विचारलं, "बाबा, ती का नाही येत?"

मी म्हणालो, "तिचा नंबर नाही आला अजून."

हे खोटं होतं. तिचा नंबर आला होता. आम्ही त्या नंबरावर दोनदा बसलो होतो.

हे भावनेच्या भरात म्हणत नाही, हिशेब करून बघा. समजा एका होडीत २४ जागा आहेत आणि चार मिनिटांना एक फेरी सुटते. तासाला १५ फेऱ्या, ३६० माणसं. रांगेत तुमच्यापुढे ३६० जण असतील तर तुम्हाला एक तास लागेल. आता निम्म्या जागा एक्स्प्रेसला राखून ठेवल्या आणि त्या भरत राहिल्या. साध्या रांगेला फेरीमागे १२ जागा उरल्या, म्हणजे तासाला १८०. तेवढ्याच लोकांच्या मागे उभं राहून आता दोन तास. होडी एकही वाढली नाही, फेरी एका सेकंदानेही लवकर सुटली नाही. माझा वाचलेला वेळ आकाशातून पडलेला नाही, तो पिवळ्या फ्रॉकवालीच्या दिवसातून कापून मला दिलाय आणि पैसे मात्र पार्कने घेतलेत. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

इंजिनिअरिंग केलेल्यांना तर हे नव्याने सांगायला नको. रांगांचं गणित डेन्मार्कच्या एर्लांगने १९०९ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलं. जॉन लिटलने १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आपण इंटरव्ह्यूत फाडफाड सांगतो: रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. या समीकरणात मनगटावरच्या पट्ट्याला जागा नाही. पट्टा कुणी किती थांबायचं तेवढं बदलतो, एकूण थांबणं तेवढंच राहतं. आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरातला तो हमखास प्रश्न आठवतोय? प्रायॉरिटी शेड्युलिंगचा तोटा लिहा. उत्तर: स्टार्व्हेशन. वरच्या प्रायॉरिटीची कामं येत राहिली तर खालच्या कामाचा नंबर लागतच नाही, ते उपाशी राहतं. त्यावर उपायही त्याच पानावर असतो, एजिंग. जो जास्त वेळ थांबलाय त्याची प्रायॉरिटी हळूहळू वाढवत न्या. प्रोसेसरच्या बाबतीत आपल्याला एवढी न्यायबुद्धी आहे.

बरं, थीम पार्कमध्ये हे पहिल्यापासून होतं का? वॉल्ट डिस्ने स्वतः सांगायचा की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या दोन मुली मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि तो बाकावर शेंगदाणे खात बसायचा. आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा हवी, हे त्याला तिथे सुचलं. १७ जुलै १९५५ ला अनाहाइमचं डिस्नीलँड उघडलं. तिथे बरीच वर्षं तिकिटांची पुस्तकं मिळायची, ए, बी, सी अशी अक्षरं असलेली. भारी राइडला भारी तिकीट. हे आपल्या जत्रेसारखंच झालं. पाळण्याचे पैसे वेगळे, मौत का कुआंचे वेगळे, पण पाळण्यासमोरची रांग एकच. १९८२ मध्ये ती पुस्तकं गेली आणि एकाच तिकिटात सगळं आलं. १९९९ मध्ये डिस्नेने फास्टपास आणला. यंत्रातून वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची, त्या वेळेला यायचं, तोवर भटकायचं. तीही कल्पना बरी होती, कारण ती चिठ्ठी प्रत्येकाला फुकट मिळायची. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पार्कांत तिची जागा पैशांच्या रांगेने घेतली. म्हणजे थांबणं कमी करायची तरकीब बावीस वर्षं सगळ्यांची होती, मग ती विकायला काढली.

यावर मला जे ऐकवलं जातं ते मला पाठ आहे. पहिलं, "फर्स्ट क्लास नाही का? बिझनेस क्लास नाही का?" आहे. पण लोकलचा फर्स्ट क्लासवाला तुमच्याआधी दादरला पोहोचत नाही. त्याला गादी मिळते, गर्दी कमी मिळते. त्याने पास काढला म्हणून तुमची गाडी दोन तास उशिरा सुटत नाही. पार्कने पैसेवाल्यांसाठी वेगळी सावली करावी, जेवण द्यावं, सोफे टाकावेत, माझं काही म्हणणं नाही. दुसरं, "देवळातसुद्धा आहे." खरंय, तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आहे. देवळात आहे म्हणून ते योग्य, असा युक्तिवाद करणाऱ्यांनी एरवी देवळांबद्दल काय काय लिहिलंय ते त्यांचंच टाइमलाइन खाली सरकवून बघावं. तिसरं, "एक्स्प्रेसवाले जास्त देतात म्हणून साधं तिकीट स्वस्त राहतं." तसं असेल तर साध्या तिकिटावर ते छापा ना. "या तिकिटात प्रत्येक फेरीतल्या निम्म्या जागा तुमच्या नाहीत" असं ठळक लिहा आणि मग विका. कोणी लिहीत नाही. साधं तिकीट काढणाऱ्याला वाटतं की त्याने अख्ख्या पार्कचं तिकीट काढलंय.

आणि साधी रांग जितकी लांब तितका एक्स्प्रेस जास्त खपणार, हे तर शेंबडं पोरही सांगेल. ज्या धंद्यात गैरसोय हाच विकाऊ माल आहे, तिथे गैरसोय कमी करायची घाई कुणाला असेल?

चौथा मुद्दा अनघाचा आहे आणि तो मला खोडता येत नाही. ती म्हणते, साडेतीन वर्षांच्या मुलीला शू लागते, ती तासभर रांगेत उभी राहू शकत नाही, तू तत्त्वं सांगत बसशील आणि कडेवर मी घेऊन उभी राहीन. बरोबर आहे. पण मग सवलत कशाची असायला हवी? वयाची. गरोदर बाईची, कुबडीवाल्या माणसाची, ज्याला गर्दी-गोंगाट सहन होत नाही त्या मुलाची. पिवळ्या फ्रॉकवालीलाही शू लागत असणारच. "लहान मूल आहे" हे कारण दोघींना सारखंच लागू होतं. माझ्याकडे जास्तीचं होतं ते क्रेडिट कार्ड. मी मुलीला ढालीसारखं पुढे धरलं आणि मागून रांग तोडली.

मी लहान असताना बाबा मला पेशवे पार्कात फुलराणीत बसवायला न्यायचे. १९५६ पासूनची ती छोटी आगगाडी पुण्यातल्या तीन पिढ्यांना माहीत आहे. तिथेही धक्काबुक्की असायची, ओळख काढून पुढे जाणारे असायचे. तो काळ काही सत्ययुग नव्हता. पण त्याला आम्ही घुसणं म्हणायचो. घुसणारा इकडेतिकडे बघत घुसायचा, कोणीतरी ओरडायचं, "ओ काका, रांग आहे!" आणि काका ओशाळायचे. आता काकांच्या मनगटावर पट्टा आहे. त्यांना ओशाळायची गरज नाही. ओरडणाराच अडाणी ठरतो.

त्या दिवशी दुपारनंतर बाबांनी पट्टा काढून खिशात टाकला. काही बोलले नाहीत, ते एसटीत वाहक होते, भाषण करायची सवय नाही. म्हणाले, "मी बसतो इथे, तुम्ही या." बाकावर बसून राहिले. शेंगदाणे नव्हते, बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती.

आणि मुक्ता? त्यानंतरच्या आठवड्यात सोसायटीच्या बागेत घसरगुंडीपाशी पाच-सहा पोरं उभी होती. ती त्यांच्या बाजूने सरळ शिडीकडे गेली. एका मुलाने अडवलं तेव्हा तिने मनगट पुढे केलं. मनगटावर अनघाचा निळा हेअरबँड होता.

मी तिला खाली उतरवलं आणि मागे नेऊन उभं केलं. ती अशी रडली की वॉचमन बघायला आला. तिचं काय चुकलं होतं? जेवढं शिकवलं तेवढं तिने बरोबर केलं होतं. एकवीस ओळींच्या त्या एक्सेलमध्ये पालकत्वाचा एकही कॉलम नव्हता आणि नेमका तोच विषय ती एका दिवसात शिकून आली.

मी पार्कला ईमेल केला. प्रश्न तीनच विचारले. एका फेरीत एक्स्प्रेसला किती जागा राखीव असतात? दिवसाला असे किती पास विकता? पाच वर्षांखालच्या मुलांसाठी फुकट वेळ राखून देता येईल का? शेवटच्या प्रश्नाखाली आमच्या फास्टपासच्या चिठ्ठीसारखी सोपी पद्धतही लिहून पाठवली, अगदी डेटाबेसच्या टेबलसकट. दोन दिवसांनी उत्तर आलं. आपला दिवस आमच्यासोबत आनंदात गेला याबद्दल आभार, आणि पुढच्या भेटीत एक्स्प्रेसवर १० टक्के सूट.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मंगळवारी जायचं असं आता ठरलंय. पट्टा नाही. होडी, मेरी-गो-राउंड आणि जमलं तर आगगाडी. अनघाची अट आहे की रांगेत मुक्ताला कडेवर मी घ्यायचं. बाबा यायला तयार आहेत, पण त्यांनी विचारलंय की शेंगदाणे खिशातून नेले तर चालतील का.