परवाना आणि पाळणा
हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष बाळगल्यावाचून व वयाची २० वर्षे पुरी झाल्यावाचून मालमोटार चालविण्याची मुभा कायदा देत नाही. म्हणजे ज्या सुमारास घरात पाळणा हलू लागतो, त्याच सुमारास नाशिककडील एखादा तरुण क्लीनरची जागा सोडून स्टिअरिंगवर बसतो आणि कसारा घाट उतरून न्हावा-शेव्याच्या बंदराबाहेर आपली पाळी येईपर्यंत रात्री जागून काढतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली खरी. परंतु खेपेवर मेहनताना घेणाऱ्या, घरी परतल्यावर बहुधा निजलेलेच मूल पाहणाऱ्या या बापाला ती कागदावरच भेटते, यास्तव मालकांनी निदान आरंभीच्या काळात त्याला जवळच्याच खेपा द्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.